३ जून, मंडणगड : केक शिजत असताना आलेलं वादळ

२०२० च्या जूनमध्ये 'निसर्ग' चक्रीवादळ येणार म्हणून अवघा महाराष्ट्र तास मोजत होता. पण ती मोजणी मुंबईसाठी होती. तोच दिवस रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगडला आमच्या घरात लेकीच्या वाढदिवसाचा होता आणि मी आयुष्यातला पहिला केक करायला घेतला होता. मुंबईची भीती ओसरली तसा हा दिवस बातम्यांतून मागे पडला, म्हणून तो आमच्या घड्याळाप्रमाणे सांगते.

२ जून, दुपार

अरबी समुद्रातल्या कमी दाबाच्या पट्ट्याचं चक्रीवादळ झालं. त्याला बांगलादेशानं सुचवलेलं 'निसर्ग' हे नाव मिळालं. घरात आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, लगेच २००९ चं फयान चक्रीवादळ आठवलं. त्यांनी पडवीतली लाकडं आत घ्यायला लावली, विहिरीवरचा पंप झाकून घेतला, रॉकेलची चिमणी पुसून ठेवली.

२ जून, रात्री ९

टीव्हीवर अलिबाग आणि मुंबईचे नकाशे. मंडणगडचं नाव कुठेच नाही. टाळेबंदीमुळे बेकरीचा केक मिळण्यासारखा नव्हता. घरात होतं त्यातून बेत ठरवला: एक वाटी बारीक रवा, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी दही, अर्धी वाटी दूध, पाव वाटी पातळ केलेलं तूप, एक छोटा चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा खायचा सोडा. ओव्हन नाही, म्हणून कुकर.

३ जून, पहाटे ५

रात्रीत वादळ आणखी तीव्र झालं होतं. पाऊस आडवा येत होता. वारा पूर्वेकडून, थांबून थांबून.

सकाळी ८

वीज गेली. मोबाइलची रेंजही येऊन-जाऊन होती. म्हणजे ज्या वाटेनं इशारा यायचा तीच वाट पहिल्यांदा तुटली. गॅस मात्र होता. रवा, साखर, दही, दूध, तूप एकत्र करून झाकून ठेवलं. रव्याला फुगायला अर्धा तास तरी लागतो. सोडा मात्र आधी घालायचा नसतो. दह्याच्या आंबटपणाशी गाठ पडताच त्याचा वायू सुटायला लागतो, आणि तेव्हापासून थांबायला वेळ नसतो.

सकाळी १०

वारा दक्षिणेकडे वळला. मागल्या आगरात पहिली पोफळ मोडली. आई म्हणाल्या, "हा वारा काही बरा नाही. करायचं ते आत्ताच उरकून घे." कुकरची शिटी आणि रिंग काढली, तळाशी मीठ पसरलं, वर स्टँड ठेवून तापायला लावला.

सकाळी १०.४०

बेकिंग पावडर आणि सोडा घालून मिश्रण ढवळलं, तूप लावलेल्या डब्यात ओतलं, डबा कुकरमध्ये ठेवला. मंद आचेवर पाऊण तास. लेक ओट्याशी उभी राहून वास घेत होती.

सकाळी ११.०५

कौलं उडायला लागली. आधी एकेक, मग रांगच्या रांग. शेजारचा पत्रा अंगणातून फरफटत गेला. स्वयंपाकघराचा वासा हलताना दिसला आणि आई ओरडल्या, "गॅस बंद कर आधी! पोरीला घेऊन माजघरात ये!" शेगडी बंद केली, सिलिंडरही बंद केला. केकला अजून वीस मिनिटं हवी होती. रवा शिजून घट्ट होण्याआधी आच गेली की आतले बुडबुडे आक्रसतात आणि मधला भाग खाली बसतो. तसाच तो बसला.

दुपारी १२.३०

हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणे अलिबागच्या दक्षिणेला वादळ किनाऱ्यावर चढायला लागलं, ते अडीचपर्यंत. आम्ही तेव्हा माजघरात, भिंतीला पाठ लावून. वादळ रायगडात आणि मोडतोड रत्नागिरीत कशी, असं पुढे अनेकांनी विचारलं. आमच्या तालुक्यातून सावित्रीची खाडी ओलांडली की रायगड लागतो. शिवाय आपल्या गोलार्धात चक्रीवादळाच्या उजव्या बाजूला वाऱ्याच्या वेगात वादळाच्या चालीचा वेग मिळवला जातो. ईशान्येकडे सरकणाऱ्या या वादळाच्या उजव्या हाताला बाणकोट, वेळास, मंडणगड आणि शेजारचा दापोली तालुका येत होता. किनारा ओलांडताना वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता.

दुपारी ४

वारा उतरला. बाहेर आलो तर ओळखीची वाट नव्हती. आंबे, काजू, फणस मुळांसकट आडवे झालेले. पोफळी मधोमध मोडलेल्या. विजेचे खांब रस्त्यावर. याच सुमाराला 'मुंबई वाचली' ही बातमी देशभर जात होती. ती खरी होती, आणि मुंबईत आमचीही माणसं आहेत, त्यामुळे तिचा आनंदच होता. पण ते बातमीचं शेवटचं वाक्य ठरलं, आणि आमचं तिथून सुरू झालं.

संध्याकाळी ७

चिमणीच्या उजेडात केकच्या शिजलेल्या कडा कापून लेकीला आणि शेजारच्या मुलांना दिल्या. मधला ओला भाग टाकून द्यावा लागला.

त्यानंतर

५ जूनला वटपौर्णिमा आली, तेव्हा बायका रस्त्यावरच्या फांद्या ओलांडून पूजेला निघाल्या. कित्येक वाड्यांमध्ये वीज यायला आठवडे लागले. त्याच महिन्यात सरकारनं बागायतीची भरपाई हेक्टरी १८,००० वरून ५०,००० रुपये केली. वाढ चांगलीच होती. पण इथली आगरं गुंठ्यांत मोजतात. हेक्टरी ५०,००० म्हणजे गुंठ्याला साधारण ५०० रुपये. एका गुंठ्यात पोफळी असतात, माड असतो, त्यावर चढवलेली मिरी असते. नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षं जातात, माडालाही तितकीच. हेक्टरचं माप शेतासाठी ठीक आहे. आगराचं नुकसान झाडावर मोजायला हवं.

शेगडीवरच्या केकला वीस मिनिटं कमी पडली, त्याचं दुःख त्या दिवसापुरतं. पण आदल्या रात्री 'उद्या अकराच्या सुमाराला मंडणगडात छपरं उडतील एवढा वारा असेल' असं कुणी नाव घेऊन सांगितलं असतं, तर कितीतरी घरांनी माळ्यावरचं भात खाली उतरवलं असतं, पत्र्यांवर दगड चढवले असते, म्हातारी माणसं शाळेत नेली असती. वादळाचा इशारा तालुक्याच्या नावानं, वाऱ्याच्या वेगासह आणि वीज गेल्यावरही ऐकू येईल अशा भोंग्यानं मिळाला पाहिजे. किनारपट्टीच्या विजेच्या तारा जमिनीखालून गेल्या पाहिजेत. अरबी समुद्रात पुढचं वादळ उठेल, तेव्हा आमच्या तालुक्याचेही तास कुणीतरी मोजत असले पाहिजेत.