'तुकडा' : एका शब्दाचा सामाजिक प्रवास (वऱ्हाडच्या संदर्भात)

उरलेल्या अन्नासाठी मराठीत जे शब्द रूढ आहेत, त्यांत 'उष्टे' आणि 'तुकडा' यांचे कूळ भिन्न आहे. 'उष्टे' हे संस्कृत 'उच्छिष्ट' या शब्दाचे तद्भव रूप असून त्याचा मूळ अर्थ केवळ 'मागे उरलेले' असा होतो. 'शिष्' या एकाच धातूपासून 'शेष' हा शब्दही आला. परंतु देवापुढील शेष पवित्र ठरला आणि माणसाच्या ताटातील उच्छिष्ट विटाळाचे! 'तुकडा' मात्र देशी वळणाचा शब्द आहे. हिंदी 'टुकडा', गुजराती 'टुकडो' हे त्याचे भाईबंद होत. मुळात त्यास मान वा अपमान असा कोणताच अर्थ चिकटलेला नव्हता. तो भाकरीबरोबर आला. नवदांपत्यावरून ओवाळून टाकला जाणारा 'भाकरतुकडा' आणि 'फुकटचे तुकडे मोडणे' ही वाक्प्रयोगातील हेटाळणी, हे दोन्ही त्याचेच विस्तार आहेत.

वऱ्हाडात या शब्दास एक विलक्षण प्रतिष्ठा लाभली. यावली येथे १९०९ साली जन्मलेल्या माणिक बंडोजी इंगळे यांस वरखेडच्या आडकोजी महाराजांनी 'तुकड्या' हे नाव दिले, असे परंपरा सांगते. भिक्षेच्या तुकड्यांवर राहणारा, हा त्याचा रूढ अर्थ. पुढे भजनांतून 'तुकड्यादास' ही नाममुद्रा सर्वतोमुखी झाली. चांदूर रेल्वेलगतच्या तिवसा तालुक्यातील मोझरी येथे १९३५ साली गुरुकुंज आश्रम उभा राहिला. याच जिल्ह्यातील शेंडगावचे गाडगेबाबा (१८७६–१९५६) अंगावरील चिंध्यांमुळे 'चिंधेबुवा' म्हणूनही ओळखले जात.

तथापि संतांनी तुकडा स्वेच्छेने पत्करला होता, ही गोष्ट येथे विसरून चालणार नाही. गावकीच्या कामाच्या मोबदल्यात घरोघर भाकर मागणे हा महारांचा 'हक्क' मानला जाई. वस्तुतः ती वेठीची किंमत होती आणि ती बहुधा शिळ्या तुकड्यांतच चुकती होई. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराच्या मांसाबरोबरच हे उष्टे तुकडेही सोडण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात त्यांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. तिच्यापुढे अंबादेवी मंदिरप्रवेशाचा प्रश्न होता. एकाच जिल्ह्यात, एकाच काळात, एकाने हा शब्द नाव म्हणून धारण केला आणि दुसऱ्यांनी त्यामागची वस्तू नाकारली. शब्दकोशांत मात्र 'तुकडा' या नोंदीखाली या दोहोंचा मागमूस लागत नाही.