इन्सुलिन जोरात का हलवायचं नाही? एका संशयिताची गोष्ट

घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर 'बाटली जोरजोरात हलवू नका' हे तुम्ही ऐकलं असेल. आज मी त्यामागचा इतिहास सांगतोय.

प्रथिन म्हणजे नीट घडी घातलेला लांबलचक धागा. घडी मोडली की आत लपलेले, पाण्याला टाळणारे भाग उघडे पडतात, एकमेकांना चिकटतात, आणि गुठळ्या होतात. मग औषध वाया जातं.

१९७० साली चार्म आणि वाँग यांनी कॅटलेजसारखी एन्झाइम्स वाहत्या द्रवात ताणून पाहिली. ती निकामी होताना दिसली. ठपका आला कातर-प्रवाहावर, म्हणजे द्रवाचे थर वेगवेगळ्या वेगाने एकमेकांवरून घसरतात त्या ओढीवर. पण १९७९ मध्ये थॉमस आणि डनिल यांनी पुन्हा तपासलं, तर नुसत्या कातरीने फारसं काही बिघडेना!

मग गुन्हेगार कोण? तेव्हा शरीरात बसवायच्या इन्सुलिन पंपांच्या नळ्या गुठळ्यांनी तुंबत होत्या. १९९१ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी टेफ्लॉनसारख्या, पाणी न धरणाऱ्या पृष्ठभागाशेजारी इन्सुलिन हलवत ठेवलं. बिघाडाची सुरुवात त्या पृष्ठभागावर होत होती. हवेचे बुडबुडेही असाच पृष्ठभाग देतात. आम्लेटसाठी अंड्याचा पांढरा बलक फेटल्यावर फेस का टिकतो? त्यातली प्रथिनं बुडबुड्यांवर जाऊन उलगडतात, म्हणून.

२००६ मध्ये फ्लोरिडात जास्पे आणि हेगन यांनी सायटोक्रोम-सी हे छोटं प्रथिन सेकंदाला सुमारे २ लाख इतक्या कातर-दरात टाकलं. घडी सुटली नाही. त्यांच्या हिशेबाने सुमारे १ कोटी लागला असता.

म्हणजे प्रवाह निर्दोष? तसंही नाही. २०१७ मध्ये लीड्स विद्यापीठाच्या गटाने दोन सिरिंज बारीक काचनळीने जोडून द्रव इकडून तिकडे पुन्हा पुन्हा ढकलला. रुंद सिरिंजमधून अरुंद नळीत शिरताना द्रव एकदम वेग घेतो, रेणू लांबीच्या दिशेने ओढला जातो. अल्ब्युमिन आणि अँटिबॉडी या ताणाने गोळा होऊ लागल्या. कारखान्यातले पंप, गाळण्या, सुया यांमध्ये अशा अरुंद जागा असतातच.

मला यातून एक गोष्ट पटते: 'हलवणं' हा एक शब्द, पण आत तीन वेगळी कारणं.

तुमच्यासाठी कामाचं एवढंच. पाण्यासारखं स्वच्छ इन्सुलिन गढूळ झालं किंवा कण दिसले, तर टोचू नका, डॉक्टरांना किंवा औषधवाल्याला विचारा. मुळातच दुधाळ असलेलं मात्र तळहातांत हळुवार फिरवून एकजीव करायचं. घरच्यांना हा भाग नक्की ऐकवा!