लक्ष्मीबाईंच्या गोष्टीचा दुसरा भाग

हा आपल्या मागच्या एपिसोडचा लिखित भाग. बोलताना जे 'म्हणजे', 'ॲक्चुअली' होतं ते काढलंय, बाकी जसंच्या तसं.

मी सदाशिव पेठेत राहतो, टिळक रोडपासून चालत पाच मिनिटांवर. त्यामुळे 'टिळक' म्हटलं की माझ्याही डोक्यात आधी लोकमान्यच येतात. पण आजची गोष्ट दुसऱ्या टिळकांची आहे. नारायण वामन टिळक, म्हणजे रेव्हरंड टिळक. आणि त्याहून जास्त त्यांच्या बायकोची, लक्ष्मीबाईंची.

मागच्या पावसाळ्यात अप्पा बळवंत चौकातून मी 'स्मृतिचित्रे'ची जुनी प्रत आणली. आम्ही तिघं रूममेट, तिघंही आयटीतले. रात्री जेवणानंतर वीस-पंचवीस मिनिटं मी मोठ्याने वाचायचो. सुरुवातीला बाकीचे दोघं मोबाईल बघत ऐकायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी मोबाईल बाजूला पडले. दर रविवारी मी आजीला फोनवर त्या आठवड्याची गोष्ट सांगायचो. तिनेही हे पुस्तक वाचलं नव्हतं.

आधी गोष्ट थोडक्यात. लक्ष्मीबाईंचा जन्म 1868चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. 1857च्या उठावात त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर बाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेडच लागलं. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुवायची. मीठ, साखरसुद्धा! हे ऐकून आम्ही पोट धरून हसलो. मग लक्षात आलं की ही बाई स्वतःच्या भीतीदायक बालपणाबद्दल लिहितेय आणि आपण हसतोय. तिलाच आपल्याला हसवायचंय.

1880मध्ये लग्न झालं. तिचं वय अकरा-बारा, त्यांचं अठरा. टिळक कवी, वक्ते, विद्वान. आणि तापट. पैसा हातात टिकायचा नाही, नोकरी टिकायची नाही, मनात आलं की घर सोडून निघून जायचे. तिने भांडायचं, रडायचं, परत संसार लावायचा. मूलं झाली, काही गेली. दत्तू हा मुलगा राहिला.

मग 1893. टिळक रेल्वेने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला, कवितेवरून बोलणं सुरू झालं. उतरताना त्याने टिळकांना नवा करार दिला आणि सांगितलं की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांनी वाचायला घेतलं आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायको सोबत नव्हती. तिला कळलं ते नंतर.

इथे मी पुस्तक मिटलं. मुद्दाम. म्हटलं, हा आपला पहिला भाग. आता सांगा, पुढे काय होईल?

एकजण म्हणाला, "ती त्याला सोडून देणार. द्यायलाच पाहिजे." दुसरा, जो अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा आहे, तो काहीच बोलला नाही. रविवारी आजीला सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न: "आणि पोराचं काय?"

या तीन प्रतिक्रियांसाठीच हा एपिसोड केला. पण आधी 1895 साल नीट समजून घेऊ, नाहीतर त्या बातमीचं वजन कळणार नाही.

त्या काळात पुण्यात 'ख्रिस्ती' हा शब्द म्हणजे ठिणगी होता. 1890च्या ऑक्टोबरमध्ये पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. चहा-बिस्किटं आली. जमलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. गोपाळराव जोशींनी हजर असणाऱ्यांची नावं छापून आणली आणि गावात गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तावरून वर्ष-दोन वर्षं वाद चालला. एका कप चहावरून!

त्याच साली पंडिता रमाबाईंचं शारदा सदन मुंबईहून पुण्यात आलं. तिथल्या विधवा मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातात असा आरोप झाला आणि 1893मध्ये रानडे आणि भांडारकरांसारख्यांनीही सल्लागार मंडळ सोडलं. 1895च्या अखेरीस पुण्यात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तर त्याच मांडवात सामाजिक परिषद भरवायची नाही यावरून शहर दुभंगलं. या वातावरणात एक चित्पावन ब्राह्मण, आडनाव टिळक, ख्रिस्ती होतो. चहा पिणाऱ्याला प्रायश्चित्त होतं. याला परतीची वाट नव्हती.

आणि बायकोचं काय? इथे कायदा बघण्यासारखा आहे. 1856मध्ये विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता मिळाली होती. पण लक्ष्मीबाई विधवा नव्हत्या. नवरा जिवंत, कुंकू कपाळावर, पण त्याच्याकडे जायचं तर जात जाणार. 1866मध्ये आणखी एक कायदा झाला होता, खास धर्मांतर केलेल्यांसाठी. नवरा किंवा बायको ख्रिस्ती झाली आणि त्या कारणाने जोडीदाराने सहा महिने नांदायला नकार दिला, तर ख्रिस्ती झालेल्याला कोर्टात जाता यायचं. कोर्ट जोडीदाराला विचारणार, तरी नकार आला तर एक वर्ष थांबणार, मग लग्न मोडता यायचं आणि दुसरं करता यायचं. म्हणजे टिळकांपुढे ती वाट होती. ते त्या वाटेने गेले नाहीत. पत्रं लिहीत राहिले, वाट बघत राहिले.

दुसरा भाग सुरू झाला तेव्हा आमच्या खोलीत भांडण झालं. खरंखुरं.

कारण बाई परत जातात. लगेच नाही. आधी पंढरपूरला नातेवाइकांकडे राहतात, दुःखाने अक्षरशः वेड लागायची पाळी येते. वर्षं जातात. मग नगरला येतात, पण सोवळं सांभाळून, आपला स्वयंपाक वेगळा ठेवून. एका बाजूला ख्रिस्ती नवरा, दुसऱ्या बाजूला ब्राह्मण बायको, मध्ये पाण्याची घागर. मग हळूहळू त्यांना स्वतःलाच प्रश्न पडतो की हा विटाळ नेमका कुणी केला? माणसाने की देवाने? उत्तर मिळाल्यावर त्या कुणाच्याही हातचं पाणी प्यायला लागतात. 1900मध्ये त्यांचा बाप्तिस्मा होतो. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी.

पहिला रूममेट चिडला. "म्हणजे शेवटी तीच बदलली ना? तो न विचारता गेला, आणि ती पाठोपाठ गेली. यात रोमान्स कसला?" त्याचा राग मला पटला. आपल्याला नायिका जिंकलेली हवी असते, नाहीतर बळी गेलेली. दोन्ही नसेल तर फसल्यासारखं वाटतं.

मराठीत ख्रिस्ती प्रेमकथेचा असा शेवट आधी होऊन गेलाय. 1857मध्ये बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. त्यात यमुना आणि विनायकराव हे जोडपं प्रवास करतं, वाटेत विधवांचे हाल बघतं. मग विनायकराव जातो, यमुना स्वतः विधवा होते, आणि शेवटी ख्रिस्ती होऊन पुन्हा लग्न करते. लेखकाला काय सांगायचं होतं ते त्याने सांगितलं. प्रश्न मांडला, उत्तर दिलं, पुस्तक संपलं. लक्ष्मीबाईंची गोष्ट त्याच वळणाची आहे, पण ती जगलेली आहे. म्हणून तिचा शेवट इतका सरळ होत नाही. बाप्तिस्म्यानंतरही टिळक तसेच राहतात. तापट, उधळे, घरात कुणालाही आणून ठेवणारे. दुष्काळातली अनाथ मुलं येतात, बालकवी ठोंबरे येऊन राहतात. सगळ्यांना जेवायला बाईच वाढतात. आणि भांडणंही तशीच चालू.

मी रूममेटला म्हटलं, "ती पाठोपाठ गेली असं म्हणतोस, पण पाच वर्षं का लागली?" पाठोपाठ जायचं असतं तर 1895मध्येच गेली असती. नवऱ्याकडे ती आधी परतली. धर्माचा विचार तिने नंतर, स्वतःच्या गतीने, पाण्याच्या घागरीपासून सुरू केला. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिने त्या वेगळ्या ठेवल्या. तो म्हणाला, "ठीक आहे, पण मला त्याचा राग आहे तो आहेच." मी म्हटलं, "असू दे. तिलाही होता."

रमाबाई रानड्यांनी 1910मध्ये न्यायमूर्तींच्या आठवणी लिहिल्या. त्यातही नवरा थोर, नवरा गेल्यावर बायको लिहितेय. पण रमाबाई लिहितात भक्तीने. लक्ष्मीबाई प्रेमाने लिहितात आणि त्याच हाताने नवऱ्याला फटकारतात. पूजा केली नाही म्हणून प्रेम कमी होत नाही, हे मला तरी या पुस्तकाने शिकवलं.

आजीला रविवारी सगळं सांगितलं. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "पोरासाठी गेली असेल आधी. मग राहता राहता पटलं असेल. बायकांचं असंच असतं रे, आधी राहायचं, मग पटवून घ्यायचं." मला हे ऐकून वाईट वाटलं. कारण ती लक्ष्मीबाईंबद्दल बोलत होती असं मला वाटेना.

आता नगरचा रूममेट. तो ख्रिस्ती आहे. आम्हाला माहीत होतं, पण त्यावर कधी बोलणं झालं नव्हतं. त्या रात्री दिवा बंद केल्यावर तो म्हणाला, "आमच्या घरात पहिलाच भाग सांगतात. खापरपणजोबा ख्रिस्ती कसे झाले, कुठल्या पाद्र्याने बाप्तिस्मा दिला, सगळं पाठ आहे. खापरपणजीचं काय झालं ते कुणी सांगत नाही. तिचं जुनं नावसुद्धा माहीत नाही. तिला कुणी विचारलं होतं का, तिला पाच वर्षं मिळाली होती का, काहीच माहीत नाही." थोड्या वेळाने म्हणाला, "हे पुस्तक ऐकताना मी तिचंच ऐकत होतो."

यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही.

मंडळी, इतिहासात धर्मांतराची तारीख सापडते. रजिस्टरमध्ये असते, मिशनच्या अहवालात असते. 10 फेब्रुवारी 1895 ही तारीख मी तुम्हाला एका दमात सांगितली. पण ज्या माणसाने निर्णय घेतला नाही आणि ज्याला तो जगावा लागला, त्याची तारीख कुठे लिहिलेली नसते. किती घरांमध्ये अशा बायका असतील. त्यातल्या एकीने लिहिलं म्हणून आपल्याला कळलं. आणि तीही शिकलेली नव्हती. टिळकांनी शिकवायला घेतलं होतं, पण जोडाक्षरांशी तिची झटापट शेवटपर्यंत चालली. टिळक 1919मध्ये गेले. मुलाला, म्हणजे दत्तूला, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून त्याने आईला आठवणी मागितल्या. आई लिहायला बसली आणि चरित्राच्या साहित्याऐवजी स्वतःचीच गोष्ट उभी राहिली. 1934पासून ती भागाभागाने पुस्तकरूपात आली. म्हणजे तेव्हाच्या वाचकांनाही पुढच्या भागाची वाट बघावीच लागली.

आणि अजून एक दुसरा भाग आहे, खराखुरा. टिळकांनी ख्रिस्ताचं चरित्र ओवीबद्ध लिहायला घेतलं होतं, 'ख्रिस्तायन'. दहा-अकरा अध्याय झाले आणि ते गेले. पुढचे 64 अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या बाईने नवऱ्याच्या नव्या देवाच्या घरचं पाणी पाच वर्षं प्यायलं नाही, तिने त्याच देवाची गोष्ट त्याच्यापेक्षा किती तरी जास्त लिहिली. हे सांगितल्यावर पहिला रूममेट हसला. म्हणाला, "म्हणजे सीक्वेल तिचाच मोठा निघाला."

1936च्या फेब्रुवारीत बाई गेल्या.

नगरचा रूममेट दिवाळीत घरी गेला होता. येताना 'सॉरी, उशीर होईल' असा मेसेज आला. दोन दिवसांनी आला. विचारलं तर म्हणाला, गावाकडच्या चर्चची जुनी रजिस्टरं बघायला थांबलो होतो. खापरपणजीचं नाव सापडलं का, हे मी विचारायच्या आधीच त्याने मान हलवली. नाही. पण आत्याकडून एक गोष्ट कळली. म्हातारी खापरपणजी शेवटपर्यंत आपल्या पाण्याचा तांब्या वेगळा ठेवायची. का, ते कुणाला माहीत नाही. घरात ती गंमत म्हणून सांगतात.

तुमच्याही घरात असा एखादा वेगळा ठेवलेला तांब्या असेल. धर्माचाच असेल असं नाही. लग्नाचा असेल, गाव सोडल्याचा असेल. ज्यांना माहीत आहे ती माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. फोन करा, विचारा, आणि बोलताना रेकॉर्डिंगचं बटण दाबायला विसरू नका. मी आजीला या रविवारी विचारणार आहे की ती कुठे राहून मग पटवून घेत होती.

भेटू पुढच्या भागात.