आठशे रुपये भाड्याचा विमानतळ

शारजामधला किंग अब्दुल अझीझ रस्ता ही मुळात एक धावपट्टी आहे. शहर वाढलं, 1977 मध्ये विमानतळ दूर हलला आणि पट्टीवर डांबरी रस्ता उरला. तिच्या कडेला किल्ल्यासारख्या भिंतींची एक जुनी इमारत आणि नियंत्रण मनोरा आहे. तिथे आता अल महत्ता नावाचं संग्रहालय आहे. संयुक्त अरब अमिरातीचं आकाश आज जगातल्या सर्वाधिक वर्दळीच्या आकाशांपैकी एक आहे. एकट्या दुबई विमानतळावरून 2024 मध्ये 9 कोटी 23 लाख प्रवाशांनी ये-जा केली. या सगळ्या पसाऱ्याचं मूळ शोधत गेलं की आपण या भिंतींपाशी येतो.

हे मूळ रुजलं ते एका शेजाऱ्याच्या नकारामुळे. इम्पीरियल एअरवेजने मार्च 1929 मध्ये लंडन ते कराची सेवा सुरू केली. तेव्हाच्या विमानांना एका दमात लांब पल्ला गाठता येत नसे, ठिकठिकाणी उतरून इंधन भरावं लागे. म्हणून वाट आखाताच्या इराणी किनाऱ्याने जाई: बुशेहर, लिंगेह, जास्क. आपल्या किनाऱ्यावरचा ब्रिटिशांचा वावर इराणच्या सरकारला खुपत होता. मुदतीची परवानगी 1932 मध्ये संपली ती संपलीच. मग ब्रिटिशांनी समोरच्या अरबी किनाऱ्याकडे मोर्चा वळवला. रास अल खैमा आणि दुबईत बोलणी जुळेनात. शारजातही विरोध होता, पण तिथले शेख सुलतान बिन सक्र अल कासिमी तयार झाले. 22 जुलै 1932 रोजी करार झाला. जागेचं भाडं महिना 800 रुपये, शेखांना स्वतःसाठी महिना 500 रुपये. मुक्कामाची इमारत शेखांनी बांधून द्यायची, पहारेकरीही त्यांचेच.

हे रुपये आपलेच. आखातात तेव्हा भारतीय चलन चालत असे. पुढे 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, तोवर मुंबईच्या बाजारात चालणारी नोट शारजाच्या बाजारातही चालायची. त्या करारातला व्यवहार मला म्हणूनच परका वाटत नाही.

5 ऑक्टोबर 1932 रोजी ग्वादरहून ‘हॅनो’ नावाचं विमान चार प्रवाशांना घेऊन शारजाला उतरलं. चार इंजिनं, एकावर एक पंखांच्या दोन जोड्या आणि वेग ताशी जेमतेम 160 किलोमीटर. प्रवासी रात्री तिथेच राहत आणि सकाळी पुढे निघत. तटबंदी होती ती हल्ल्याच्या भीतीपोटी. 1937 मध्ये या तळावर ‘एअर आउटपोस्ट’ नावाचा माहितीपटही निघाला.

संग्रहालयात लोकांची नजर जुन्या विमानांकडे जाते. माझ्या मते आजच्या या वर्दळीचा खरा पूर्वज आहे तो बिनतारी यंत्राचा कोपरा. वाऱ्याची दिशा काय, धूळ किती, विमान कधी निघालं, किती वाजता येईल, हे एका तळाने पुढच्या तळाला कळवायचं आणि पुढच्याने वाट पाहायची. विमान उशिरा आलं तर शोध कुठे घ्यायचा, हे त्याच निरोपावरून ठरायचं. या किनाऱ्यावर हवाई वाहतूक नियंत्रण सुरू झालं ते इथून. रडार नंतर आलं.

याच साखळीचं पुढचं टोक जुहूला होतं. ‘हॅनो’ शारजाला उतरल्यानंतर दहाच दिवसांनी, 15 ऑक्टोबर 1932 रोजी, जेआरडी टाटा कराचीहून एका छोट्या पस मॉथ विमानातून अहमदाबादमार्गे जुहूला आले. सोबत इम्पीरियलने कराचीपर्यंत आणलेलं टपाल होतं. तेच पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. जुहूच्या चिखलपट्टीवर ना बिनतारी, ना दिवे. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई, म्हणून टाटांचा मुक्काम पुण्याला येरवड्याच्या मैदानावर हलत असे. वाळवंटातल्या शारजाकडे बिनतारी होती आणि मुंबईकडे नव्हती, हे आज सांगूनही पटत नाही.

1944 च्या शिकागो करारानंतर कुठलं आकाश कोणी सांभाळायचं याची वाटणी नियमाने होऊ लागली. अमिराती डिसेंबर 1971 मध्ये स्वतंत्र झाल्या आणि पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेत दाखल झाल्या. आता अबू धाबीतलं शेख झायेद हवाई दिशादर्शन केंद्र त्यांचं आकाश सांभाळतं. मुंबईहून दुबईला निघालेलं विमान अरबी समुद्रावर मुंबईचं केंद्र मस्कतकडे सोपवतं आणि मस्कत अबू धाबीकडे. कोणत्या बिंदूवर, किती वाजता, किती उंचीवर, हे आधी ठरलेलं असतं. यंत्रं बदलली, पण निरोप तोच आहे.

सुधारणा एकट्याने करून भागत नाही, याचं ठळक उदाहरण म्हणजे 27 नोव्हेंबर 2003. त्या दिवशी मध्यपूर्वेत आणि भारतासह दक्षिण आशियात उंच आकाशातलं दोन विमानांमधलं उभं अंतर 2000 फुटांवरून 1000 फूट झालं. 29,000 ते 41,000 फुटांच्या पट्ट्यात त्यामुळे एकदम सहा नवे मजले मिळाले. एका देशाने हे केलं असतं आणि शेजारी जुन्याच अंतरावर राहिला असता, तर सीमेवर प्रत्येक विमानाला वर-खाली करावं लागलं असतं. अमिरातीने डिसेंबर 2017 मध्ये आपले सगळे हवाई मार्ग उपग्रहांच्या अचूकतेवर नव्याने आखले, तेही शेजाऱ्यांच्या मार्गांशी जोडूनच.

त्याच वर्षी जूनमध्ये मात्र अमिराती, सौदी अरेबिया, बहरीन आणि इजिप्त यांनी कतारच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. कतारभोवतीचं आकाश तेव्हा बहरीनच्या केंद्राच्या ताब्यात होतं. कतारची विमानं वळून इराणवरून जाऊ लागली. 1932 मध्ये इराणने नाकारलेली वाट अरबी किनाऱ्यावर आली होती, ती 85 वर्षांनी उलट फिरली. जानेवारी 2021 मध्ये समेट झाला. त्यानंतर बहरीन, सौदी आणि अमिरातीशी करार होऊन 8 सप्टेंबर 2022 पासून दोहाचं स्वतंत्र उड्डाण माहिती क्षेत्र, म्हणजे स्वतःच्या केंद्राने सांभाळायचं आकाश, टप्प्याटप्प्याने सुरू झालं.