सुलट आधी, उलट मागाहून

विणकाम ही दाखवायची गोष्ट आहे, सांगायची नव्हे. त्यातून आकाशवाणीवर ना सुया दिसत, ना लोकर. आणि बोलणारा मी, इतिहासाचा निवृत्त मास्तर. तरीही हा विषय मी मागून घेतला. त्याला कारण माझी आत्या आणि १९६२ सालचा हिवाळा.

त्या वर्षी २० ऑक्टोबरला चीननं आक्रमण केलं. दिवाळी तोंडावर आली होती. मी पाचवीत होतो, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. आमच्या गल्लीतली दोन पोरं फौजेत होती, त्यामुळे रेडिओवरच्या बातम्यांना सगळी गल्ली कान लावून बसे. शाळेत आम्हा मुलांच्या हाती निधीचे डबे आले आणि मुलींच्या हाती लोकर. गावातल्या बायकांनी स्वेटर, मफलर, हातमोजे वाटून घेतले. आत्या लहानपणी मिशनच्या शाळेत शिकली होती. चार सुयांवरचे पायमोजे विणणारी गावात ती एकटीच, म्हणून मोज्यांचे आठ जोड तिच्या गळ्यात पडले. दिवस थोडे, हात दोन. तिनं मला हाक मारली, "बाळ्या, ये इकडं. दार लोटून घे आधी."

दार लोटायचं कारण म्हणजे मुलगा विणायला बसलाय हे गल्लीत कळायला नको. पुढं इतिहास वाचू लागलो तेव्हा कळलं, की त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. युरोपात मध्ययुगाच्या अखेरीस आणि त्यानंतर विणकऱ्यांचे संघ होते ते पुरुषांचे. उमेदवारी करायची, मग परीक्षेसाठी टोपी, अंगरखा, मोजे आणि काही ठिकाणी तर आख्खा नक्षीदार गालिचा विणून दाखवायचा. पेरू देशात टिटिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावर आजही टोप्या विणतात ते पुरुषच. या कलेचा सर्वांत भरवशाचा इतिहास लिहिला तोही इंग्लंडमधल्या एका बिशपनं, रिचर्ड रट यांनी, १९८७ साली. पण १९६२ मध्ये हे मला कोण सांगणार!

आधी एक घोटाळा निस्तरतो. मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टींना विणणंच म्हणतो. मागावर उभा धागा आणि आडवा धागा एकमेकांत गुंततात. कबीराचं विणणं ते. सुयांवरच्या विणकामात धागा एकच असतो. त्याचा फास करायचा, त्या फासातून दुसरा फास ओढायचा, त्यातून तिसरा. म्हणून हे कापड ताणलं जातं आणि सोडलं की जागेवर येतं. आणि म्हणूनच एक टाका सुटला की खालपर्यंत शिडीसारखी घसरण होते.

हा एकच धागा माणसाला कधी सुचला? इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकस इथल्या जुन्या दफनभूमीत लोकरीचे लाल मोजे सापडले. ते तिसऱ्या ते पाचव्या शतकातले असून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. चपलेच्या पट्ट्यासाठी अंगठा वेगळा ठेवलेला. पाहणारा म्हणेल, हेच जगातलं पहिलं विणकाम. पण तसं नाही. ते एका नेढ्याच्या सुईनं केलेलं गाठकाम आहे. त्यात दर टाक्याला सगळा धागा फासातून आरपार ओढावा लागतो. खरं दोन किंवा अधिक सुयांचं विणकाम दिसतं ते त्यानंतर सहा-सातशे वर्षांनी, पुन्हा इजिप्तमध्येच. पांढऱ्या आणि निळ्या सुताचे मोजे, काही तुकड्यांवर अरबी अक्षरांची नक्षी. ती निळाई नीळ वापरून आणलेली. म्हणजे आज थंडीची म्हणून ओळखली जाणारी ही कला आधी दिसते ती वाळवंटात, आणि तीही लोकरीत नव्हे, सुतात.

तिथून ती स्पेनमार्गे युरोपात गेली असावी. बुर्गोसच्या मठात १२७५ साली वारलेल्या एका राजपुत्राच्या थडग्यात विणलेल्या उशा मिळाल्या आहेत. १४०० च्या सुमारास जर्मनीत मास्टर बर्ट्राम या चित्रकारानं मेरी विणत बसलेली रंगवली. येशूसाठी बिनशिवणीचा अंगरखा, गळ्याशी आलेला, आणि सुया चार. माझ्यासमोर आत्या बसली होती तशाच.

आता आत्याचा पहिला धडा. सुलट टाका. "सुई खुपस, धागा गुंडाळ, ओढून बाहेर काढ, जुना टाका सोड." बस्स, चारच कामं. ती हे तालात म्हणायची आणि मला म्हणायला लावायची. पहिला तासभर माझ्या सुया अशा करकचल्या, की टाका सरकेचना. नवशिक्याचा हा ठरलेला रोग आहे. टाका सुटेल या भीतीनं तो लोकरीचा गळा आवळतो. आत्यानं माझ्या करंगळीला धाग्याचा एक वेढा दिला आणि म्हणाली, "ओढायचं नाही. लोकर आपणहून येऊ दे." लोकर तर्जनीवरून जाते, करंगळी तिला लगाम घालते. ही एवढी एक गोष्ट साधली की निम्मं विणकाम आलं असं मी आजही शिकणाऱ्यांना सांगतो. दुसरं सांगतो ते असं, की सुरुवातीला काळी किंवा केसाळ लोकर घेऊ नका. फिक्या रंगाची, मध्यम जाडीची घ्या, म्हणजे टाका डोळ्यांना दिसतो. आणि दर फेरीला टाके मोजा. साठ घातले असतील तर साठच हवेत. एकसष्ट झाले तर धागा कुठंतरी चुकून सुईवर चढलाय, एकोणसाठ झाले तर एक टाका गळालाय.

गळालेल्या टाक्यावरून आठवलं. आयरिश नाटककार सिंज याचं 'रायडर्स टू द सी' हे १९०४ सालचं नाटक. समुद्रात बुडालेल्या माणसाचे कपडे दूरच्या किनाऱ्यावर मिळतात. ते आपल्या भावाचे की दुसऱ्या कुणाचे, हे बहिणीला कळतं ते मोज्यावरून. साठ टाके घातले होते आणि त्यातले चार आपण गाळले होते, हे तिला आठवतं. विणणारीला आपली चूक कुठंही ओळखू येते.

उलट टाक्याशी मी अडलो. सुलट टाक्यात सुई पुढून मागं जाते आणि लोकर मागं असते. उलट टाक्यात लोकर पुढं घ्यायची आणि सुई मागून पुढं यायची. माझ्या बोटांची पार भेंडोळी झाली. आत्यानं काम उलटून धरलं आणि म्हणाली, "हे बघ, पाठीमागून सुलट टाका उलटच दिसतो. वेगळं काही नाही." ते खरंच आहे. उलट टाका म्हणजे मागच्या बाजूनं पाहिलेला सुलट टाका. पण हे साधं वाक्य जगाला उमगायला फार वेळ लागला, हे मला नंतर वाचून कळलं तेव्हा त्या दहा वर्षांच्या पोराबद्दल जरा बरं वाटलं. इजिप्तच्या मोज्यांपासून पुढं कित्येक शतकं उलट टाक्याचा माग लागत नाही. गोल विणताना त्याची गरजच पडत नाही, चार सुयांवर सुलट विणत गेलं की नळी तयार होते. उलट टाक्याचा खात्रीचा जुना पुरावा म्हणून दाखवतात ते फ्लॉरेन्सची डचेस एलेओनोरा दि तोलेदो हिच्या पायातले रेशमी मोजे. ती १५६२ साली वारली आणि त्याच मोज्यांनिशी पुरली गेली.

यंत्राची गोष्ट तर याहून मजेची. नॉटिंगहॅमशायरमधला पाद्री विल्यम ली यानं १५८९ मध्ये मोजे विणण्याचा माग तयार केला. बायको म्हणा, प्रेयसी म्हणा, सारखी विणत बसे म्हणून त्यानं तो केला ही दंतकथा, सोडून द्या. एलिझाबेथ राणीनं त्याला मक्ता दिला नाही. तो फ्रान्सला गेला, तिथं चौथ्या हेन्रीचा आश्रय मिळाला. १६१० मध्ये हेन्रीचाच खून झाला आणि ली उपेक्षेत मेला. त्याचा माग मात्र जगला आणि पसरला. पण त्या मागाला येत होता फक्त सुलट टाका. सुलट-उलट पट्ट्यांची ताणली जाणारी वीण यंत्रावर आणली ती जेडेडाया स्ट्रट यानं, १७५८-५९ च्या सुमारास. म्हणजे यंत्रालासुद्धा उलट टाका शिकायला एकशे सत्तर वर्षं लागली.

आणि ही पट्ट्यांची वीण नसेल तर मोजा पायावर टिकत नाही. दोन सुलट, दोन उलट असं विणलं की सुलट टाके पुढं येतात, उलटे मागं जातात, कापड एकॉर्डियनच्या भात्यासारखं मिटतं. म्हणून मोज्याचा वरचा काठ असाच विणतात. तिथं टाके घालताना मात्र सैल हात हवा. आत्या दोन सुया एकत्र धरून त्यांवर टाके घालायची आणि मग एक सुई ओढून काढायची. काठ घट्ट झाला तर पोटरीला वळ उठतो आणि रक्त अडतं.

आता तुम्ही म्हणाल, मोज्याचं एवढं काय? फौजांचा इतिहास वाचताना मला त्याचं उत्तर मिळालं. युद्धानं विणकामाला नावं खूप दिली. क्रिमियाच्या लढाईतल्या लॉर्ड कार्डिगनवरून कार्डिगन, एक हात गमावलेल्या लॉर्ड रॅग्लनवरून बाहीचा एक प्रकार, आणि आपली माकडटोपी इंग्रजीत बालाक्लाव्हा झाली ती तिथल्याच एका गावामुळे. पण सैनिकाचा जीव अडकतो तो पायमोज्यात. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस आपली लाहोर डिव्हिजन फ्रान्समध्ये मार्सेल्सला उतरली, पाठोपाठ मेरठ डिव्हिजन. अंगावर सुती खाकी, आणि समोर फ्लँडर्सचा चिखल. खंदकातल्या थंड पाण्यात दिवस दिवस उभं राहून पाय सुन्न होत, सुजत, काळे पडत. कधी बोटं, कधी पाऊल कापावं लागे. त्या पहिल्या हिवाळ्यात ब्रिटिश फौजेतले सुमारे वीस हजार जण या दुखण्यानं निकामी झाले. मग हुकूम निघाले. पायांना तेल चोळा, रोज कोरडे मोजे घाला, अधिकाऱ्यानं पाय तपासायचे. इंग्लंडची राणी मेरी हिनं १९१४ मध्येच बायकांना आवाहन केलं होतं, तीन लाख मोज्यांचे जोड हवेत.

ते मागणारा युद्धमंत्री लॉर्ड किचनर. आपल्या ओळखीचाच. १९०२ ते १९०९ तो हिंदुस्थानचा सरसेनापती होता, आणि त्याच्याशी भांडूनच कर्झननं १९०५ मध्ये राजीनामा दिला. मोज्याचा चवडा बिनशिवणीचा बंद करण्याच्या पद्धतीला आज किचनरचं नाव आहे. त्यानं स्वतः सुया हाती धरल्या असतील असं मला वाटत नाही. पण पद्धत अगदी मोलाची. एरवी चवड्याशी शिवण घातली की तिचा उंचवटा बोटांवर घासतो. वीस मैल चालणाऱ्याच्या पायाला तेवढं पुरतं. फोड, फोडाचं गळू, आणि माणूस रांगेबाहेर.

ही पद्धत शब्दांत सांगून बघतो. उरलेले टाके दोन सुयांवर निम्मे-निम्मे घ्या आणि सुया समांतर धरा. मोठ्या नेढ्याच्या बोथट सुईत लोकर ओवा. सुरुवातीला पुढच्या पहिल्या टाक्यात ती उलट घालून आणि मागच्या पहिल्या टाक्यात सुलट घालून ठेवा. मग आत्याचा मंत्र. पुढच्या सुईवर: सुलट घालून काढा, उलट घालून ठेवा. मागच्या सुईवर: उलट घालून काढा, सुलट घालून ठेवा. शेवटपर्यंत हेच. शिवण कुठं होती हे बोटाला कळत नाही.

१९६२ मध्ये नामकाचू नदीच्या काठी आपली ७ वी ब्रिगेड सुती कपड्यांनिशी, एकेका घोंगडीवर उभी होती. तिचे ब्रिगेडियर जॉन दळवी यांनी १९६९ साली 'हिमालयन ब्लंडर' लिहिलं, त्यात हे सगळं आहे. आम्ही सातारकडे मोजे विणत होतो तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. आत्याला एवढंच ठाऊक होतं, की वर बर्फ आहे आणि पोरांना चालायचं आहे.

माझ्याकडे नळीचं काम होतं. काठ आत्याचा, टाच आत्याची, चवडा आत्याचा, मधलं सुलट सुलट माझं. गुंडा संपला की तिला हाक मारायची, हा नियम. नवी लोकर जोडताना गाठ मारायची नाही. जुनं टोक आणि नवं टोक ओलं करून तळहातावर चोळलं की खरी लोकर एकजीव होते. तसं जमलं नाही तर दोन्ही धागे एकत्र धरून सात-आठ टाके विणायचे. एकदा ती देवळात गेली असताना तळव्याच्या भागात माझी लोकर संपली. थांबवलं नाही. गाठ मारली, चांगली दुहेरी, आणि आतल्या बाजूला ढकलून विणत राहिलो.

मोजे तालुक्याला द्यायच्या आदल्या रात्री आत्यानं प्रत्येक मोजा उलटा केला, आत हात घालून चाचपला. मी अर्धवट झोपेत पाहत होतो. ती काही बोलली नाही. सकाळी आठ जोड पिशवीत होते. मी मोजून घेतले. पुढं कितीतरी वर्षं मी सांगत असे, माझ्या हातचा मोजा नेफाला गेला.

आत्या गेल्यावर तिची ट्रंक उघडली. जुनी पातळं, मिशनच्या शाळेचा एक दाखला, चार सुया, आणि त्यांच्याखाली कसर लागलेला एक सुटा मोजा. चवडा आत्याच्या हातचा, बिनशिवणीचा. मी तो उलटा केला. तळव्यापाशी गाठ होती, हरभऱ्याएवढी, अजून टणक.