अकराव्या आठवड्याची कुळकथा

घरात एक थॅलेसेमियाचं मूल आहे आणि बाई पुन्हा गर्भवती आहे. नवव्या आठवड्यातच ती तपासणीला आली, तर डॉक्टर म्हणतात, ‘अजून थांबा.’ वारेचा कण काढून करायची जनुकीय तपासणी, म्हणजे सीव्हीएस, साधारण अकरा आठवडे भरल्यावर करतात. दहाच्या आत नाहीच. त्याआधी जमत नाही म्हणून नव्हे. जमवून पाहिलं होतं, आणि ते महागात पडलं.

मुळात घाईला कारण होतं. गर्भजल परीक्षा सोळाव्या आठवड्याच्या आसपास व्हायची, पुढे पेशी वाढवण्यात दोन-तीन आठवडे जायचे. निकाल हाती येईपर्यंत पोटातल्या बाळाची हालचाल जाणवू लागायची. ते टाळायला १९६८मध्ये कोपनहेगनच्या यान मोर यांनी गर्भाशयमुखातून दुर्बीण घालून वारेचे कण काढले. रक्तस्राव आणि जंतुसंसर्गामुळे तो प्रयत्न मागे पडला.

१९७५मध्ये चीनमधल्या आनशान या पोलादनगरीतून बातमी आली. सोनोग्राफी नाही, नुसत्या हाताच्या अंदाजाने बारीक नळी आत घालून शंभर स्त्रियांचे नमुने घेतले होते. शोधायचं होतं फक्त लिंग. तीस गर्भपात केले गेले, त्यांतले एकोणतीस मुलींचे. (आपल्याकडे गर्भजल परीक्षेचा वापर याच दिशेने गेला, आणि १९८८मध्ये महाराष्ट्राला देशातला पहिला बंदी-कायदा करावा लागला.)

पुढे नळीला सोनोग्राफीची नजर मिळाली. १९८३मध्ये मिलानच्या ब्रंबाती आणि सिमोनी यांनी अकराव्या आठवड्यात डाऊन सिंड्रोमचं निदान केलं. वारेतल्या काही पेशी काढतानाच विभागणीच्या ऐन भरात असतात. त्यामुळे प्राथमिक उत्तर एक-दोन दिवसांत मिळू लागलं. मग आणखी अलीकडे सरकायची चढाओढ लागली.

१९९१मध्ये ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये आपलीच आकडेवारी मांडली. २८९ गर्भारपणांतली पाच बाळं हातापायांच्या गंभीर व्यंगांसह जन्मली होती. चौघांच्या जबड्यात किंवा जिभेतही दोष होता. पाचही नमुने ५६ ते ६६ व्या दिवसांत घेतलेले. बोटं घडण्याचेच हे दिवस. वारेला धक्का लागून रक्तपुरवठा विस्कटला असावा, असं मानलं जातं. वाद बराच झाला, पण दहा आठवड्यांची वेस तेव्हापासून पक्की झाली. आपल्या हातून काय झालं हे छापायला धैर्य लागतं. ते त्यांनी दाखवलं नसतं, तर ही वेस आखायला आणखी किती वर्षं गेली असती कोण जाणे.

गर्भजल परीक्षेलाही तोच मोह झाला. अकरा-बाराव्या आठवड्यात ती करून पाहणारी कॅनडाची मोठी चाचणी १९९८मध्ये प्रसिद्ध झाली: वाकड्या पावलांची बाळं १.३ टक्के, नेहमीच्या वेळी केलेल्यांत ०.१. परीक्षा पुन्हा पंधराव्या आठवड्यापलीकडे गेली.

गर्भपाताचा धोका किती? डेन्मार्कमध्ये ४,६०६ स्त्रियांवर केलेल्या १९८६च्या चाचणीत गर्भजल परीक्षेमुळे शंभरात एक गर्भ जादा गेला. तोच आकडा वर्षानुवर्षं सांगितला गेला. २०१५च्या एकत्रित आढाव्यात तो हजारात एक, आणि सीव्हीएसचा हजारात दोनच्या आसपास निघाला, अर्थात सरावाच्या हातांत. आता मेख आहे ती इथेच. २०११पासून आईच्या रक्तावरून चाळणी होऊ लागली, सुई घालून करायच्या या तपासण्यांची गरज घटली. पण त्या चाळणीत दोष दिसला तर खात्री सुईनेच करावी लागते, आणि अशा तपासण्या कमी होऊ लागल्या तसा नव्या डॉक्टरांना सराव मिळणंही कठीण झालं.