रिक वेकमन आणि ‘येस’ : पाच वेळा आगमन, पाच वेळा निरोप

ब्रिटनमधील ‘येस’ हा प्रोग्रेसिव्ह रॉक या संगीतप्रकारातील अग्रगण्य वाद्यवृंद. १९६८ मध्ये लंडन येथे स्थापन झालेल्या या वाद्यवृंदात की-बोर्डवादक रिक वेकमन १९७१ ते २००४ या काळात पाच वेळा दाखल झाले आणि पाचही वेळा बाहेर पडले. रॉक संगीताला पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या दीर्घ रचनांची जोड देणे हे या प्रकाराचे वैशिष्ट्य होय. त्यामुळे गिटारइतकेच महत्त्व की-बोर्डला प्राप्त झाले.

शिक्षण आणि सुरुवात

वेकमन यांचा जन्म १८ मे १९४९ रोजी पश्चिम लंडनमधील पेरिव्हेल येथे झाला. रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक या प्रतिष्ठित संस्थेत त्यांनी १९६८ मध्ये प्रवेश घेतला. परंतु ध्वनिमुद्रणाची कामे वाढू लागल्याने पुढच्याच वर्षी शिक्षण सोडले. डेव्हिड बोवी यांच्या ‘स्पेस ऑडिटी’मधील मेलोट्रॉन आणि ‘लाइफ ऑन मार्स?’मधील पियानो हे वेकमन यांचेच वादन आहे. १९७० मध्ये ते ‘स्ट्रॉब्स’ या वाद्यवृंदात गेले. पुढील वर्षी ‘येस’चे पहिले की-बोर्डवादक टोनी के यांच्या जागी त्यांना निमंत्रण मिळाले. त्याच सुमारास बोवी यांनीही आपल्या वाद्यवृंदात बोलाविले होते; वेकमन यांनी ‘येस’ची निवड केली.

सुवर्णकाळ

गायक जॉन अँडरसन, बासवादक ख्रिस स्क्वायर, गिटारवादक स्टीव्ह हाऊ आणि ड्रमवादक बिल ब्रुफर्ड यांच्यासह वेकमन यांनी ‘फ्रॅजाइल’ (१९७१) आणि ‘क्लोज टू द एज’ (१९७२) या ध्वनिमुद्रिका केल्या. हॅमंड ऑर्गन, पियानो, मेलोट्रॉन आणि मिनीमूग सिंथेसायझर अशा अनेक वाद्यांच्या गराड्यात, चकाकता झगा परिधान करून वादन करणारे वेकमन ही ‘येस’च्या रंगमंचाची ओळख बनली. ‘क्लोज टू द एज’ या सुमारे १८ मिनिटांच्या शीर्षक रचनेमागे हर्मन हेसे यांच्या ‘सिद्धार्थ’ या कादंबरीची प्रेरणा होती. त्यातील चर्च ऑर्गनचा भाग हा वेकमन यांच्या कारकिर्दीतील सर्वांत गाजलेल्या वादनांपैकी एक मानला जातो.

‘शास्त्रां’वरून मतभेद

पहिल्या फारकतीचे मूळ एका भारतीय ग्रंथाशी निगडित आहे. परमहंस योगानंद यांच्या ‘योगी कथामृत’ या आत्मचरित्रातील एका तळटीपेत श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र या चार शास्त्रांचा उल्लेख आहे. १९७३ मध्ये ती टीप वाचून अँडरसन प्रभावित झाले आणि चार दीर्घ रचनांच्या सुमारे ८० मिनिटांच्या ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ या जोड ध्वनिमुद्रिकेची कल्पना पुढे आली. ती ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. परंतु वेकमन यांचे समाधान झाले नाही. दोन तबकड्या भरण्यासाठी आशय ताणला गेला, अशी त्यांची तक्रार होती. मँचेस्टर येथील कार्यक्रमात आपण रंगमंचावरच करी खाल्ल्याची आठवण त्यांनी पुढे अनेकदा सांगितली. शाकाहाराकडे वळलेले सहकारी आणि मद्य व मांसाहाराची आवड असलेले वेकमन यांच्या राहणीतही अंतर होते.

याच काळात त्यांची स्वतंत्र कारकीर्द बहरत होती. ‘द सिक्स वाइव्ह्ज ऑफ हेन्री द एट्थ’ (१९७३) नंतर ज्यूल व्हर्न यांच्या कादंबरीवर आधारित ‘जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ’ ही रचना त्यांनी १८ जानेवारी १९७४ रोजी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासह सादर केली. १८ मे १९७४ रोजी, आपल्या २५ व्या वाढदिवशी, त्यांनी ‘येस’ सोडले. त्याच दिवशी ‘जर्नी’ची ध्वनिमुद्रिका ब्रिटनमध्ये अग्रस्थानी पोहोचल्याची वार्ता त्यांना मिळाली.

पुनरागमने

वेकमन यांच्या जागी स्वित्झर्लंडचे पॅट्रिक मोराझ आले. १९७६ मध्ये नव्या गीतांचे नमुने ऐकून वेकमन परतले. ‘गोइंग फॉर द वन’ (१९७७) या ध्वनिमुद्रिकेसाठी त्यांनी व्हेवे येथील चर्चचा ऑर्गन वाजविला आणि त्याचा ध्वनी दूरध्वनीच्या तारांवरून माँत्रो येथील स्टुडिओत पोहोचविण्यात आला. ‘टॉर्मॅटो’ (१९७८) नंतर मात्र पॅरिसमधील ध्वनिमुद्रण फसले आणि १९८० पर्यंत अँडरसन व वेकमन दोघेही बाहेर पडले.

१९८९ मध्ये अँडरसन, ब्रुफर्ड, वेकमन आणि हाऊ एकत्र आले. परंतु ‘येस’ हे नाव स्क्वायर यांच्या गटाकडे असल्याने त्यांना स्वतःची आडनावेच वाद्यवृंदाला द्यावी लागली. दोन्ही गटांच्या समेटातून १९९१ मध्ये ‘युनियन’ ही ध्वनिमुद्रिका आणि आठ वादक-गायकांचा दौरा साकारला. ध्वनिमुद्रिकेतील आपल्या वादनाच्या जागी इतरांचे वादन घातल्याने नाराज झालेल्या वेकमन यांनी तिला ‘ओनियन’ म्हणजे कांदा असे नाव ठेवले. ती ऐकून डोळ्यांत पाणी येते, हे त्यांचे कारण. १९९५ ते १९९७ हा चौथा आणि २००२ ते २००४ हा पाचवा कालखंड होता.

नावाचा प्रश्न

२००८ मध्ये वैद्यकीय सल्ल्यामुळे वेकमन दौऱ्यात सहभागी होऊ शकले नाहीत, तेव्हा त्यांची जागा पुत्र ऑलिव्हर यांनी घेतली. ते २०११ पर्यंत वाद्यवृंदात राहिले. स्क्वायर यांचे २०१५ मध्ये निधन झाले. ७ एप्रिल २०१७ रोजी ‘येस’चा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला, त्या समारंभात हाऊ आणि वेकमन एकाच रंगमंचावर आले. त्यानंतर काही काळ ‘येस’ हे नाव धारण करणारे दोन वाद्यवृंद एकाच वेळी कार्यरत होते : एक हाऊ यांचा, तर दुसरा अँडरसन, ट्रेव्हर रॅबिन आणि वेकमन यांचा. दुसरा गट २०२० मध्ये संपुष्टात आला.

वेकमन यांना २०२१ मध्ये ‘सीबीई’ या ब्रिटिश किताबाने गौरविण्यात आले. वाद्यवृंदातील त्यांचा प्रत्यक्ष कार्यकाळ खंडित राहिला. त्यांच्यानंतर आलेल्या प्रत्येक वादकाला मात्र ‘फ्रॅजाइल’ आणि ‘क्लोज टू द एज’मधील त्यांचे वादन आत्मसात करूनच ती जागा सांभाळावी लागली.